चढावरची म्हातारी

त्या गार्डाचा मला अजून राग येतो. बाळंत लेकीला म्हैसूरला घरी आणत होतो. डोंगरातली ती छोटी आगगाडी चढावर धापा टाकत थांबली, तर हा म्हणतो, "थर्डक्लासवाले उतरा, चालत या!" बाहेर पाऊस, गवतात जळवा. साहेबाच्या डब्याला मात्र कोणी हात लावला नाही.

दारात पान लावत बसलेल्या अनोळखी म्हातारीनं चुन्याचं बोट बाकाला पुसलं, पाय आडवा टाकून उतरायला निघालेल्या माझ्या लेकीची वाट अडवली नि कानडीत सुनावलं, "का रे अय्या, ओझं आमचंच काय? साहेबाच्या पेट्यांत कापूस भरलाय होय?"

डबा हसला. गार्ड चिडला, "नाव सांग तुझं! पोलिसात देतो!"

म्हातारी पान चघळत राहिली. मीच पुढं झालो. म्हटलं, "थोरली बहीण आहे माझी. माझं नाव लिही."