नमुना क्रमांक दोन

हॅना आपटेकरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती स्टुलावर चढलेली होती. आमच्या सोसायटीत कुणाचं तरी बारसं होतं आणि मंडपवाल्याने मीटरच्या खोलीतून उघडी वायर काढून थेट स्पीकरला जोडली होती. खाली पोरं खेळत होती, माणसं जेवत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. ही बाई हातातली पुरी ताटात ठेवून उठली, स्टूल ओढलं आणि मेन स्विच पाडला. पंखे थांबले, गाणं थांबलं. "वायरला टेप लावा, मग चालू करते," असं म्हणून ती पुन्हा जेवायला बसली. मंडपवाला भडकला, बाळाची आजी भडकली. मला ती त्याच दुपारी आवडली.

तळोज्याच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये तिने एकतीस वर्षं काढली. इस्त्र्या, गिझर, मिक्सर, मोबाइलचे चार्जर तिच्या टेबलावर यायचे. ते तापेपर्यंत, धुरापर्यंत चालवायचे आणि वहीत आकडे लिहायचे, हे तिचं काम. आकडा खोटा लिही म्हणून मालकापासून साहेबापर्यंत कितीजणांनी सांगून पाहिलं. हिने कधी लिहिला नाही, म्हणून बढतीही मिळाली नाही. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करायची आणि विचारायचं, "शिक्का कुठाय?" माझ्या घरी पहिल्यांदा चहाला आली तेव्हा चहा येण्याआधीच माझा पाणी तापवायचा रॉड कचऱ्याच्या डब्यात गेला होता.

नवरा अवी आठ वर्षांपूर्वी गेला. मुलगा ताल इस्रायलला, अश्दोदला. पनवेलमध्ये बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, त्यातली दोन आमच्या इमारतीत: चौथ्या मजल्यावर हॅना आणि तळमजल्यावर अवीची मावशी, ब्याऐंशी वर्षांची आदिना आँटी. अवी शब्बाथ कडक पाळायचा. तो होता तेव्हा हॅना त्याच्याशी भांडायची. तो गेल्यावर तीच पाळायला लागली. शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विजेच्या बटणाला हात नाही. त्यामुळे शुक्रवारी दुपारी तिची एकच धांदल. स्वयंपाक, फोन, टॉर्च, सगळं चार्जिंगला, आणि मग तेलाचा दिवा.

आता मूळ गोष्ट. व्हायब्रेटर. लिहिला शब्द, काही कोसळलं नाही. मागवले मीच. माझा नवरा विनायक जहाजावर इंजिनियर आहे, वर्षातले नऊ महिने समुद्रावर असतो. हॅना एकटी. आम्ही दोघी पन्नाशीच्या आसपासच्या बायका, आणि बोलता बोलता एका दुपारी विषय निघाला, आधी हसलो, मग हसायचं थांबलो. मी ऑनलाइन दोन मागवले. बॉक्सवर 'फेस मसाजर' असं लिहिलं होतं. हॅनाने सवयीप्रमाणे उलटा केला. बनवणाऱ्याचं नाव नाही, व्होल्ट नाहीत, किती वेळ चार्ज करायचं ते नाही. "शिक्का कुठाय गं?"

"अशा वस्तूला कोण शिक्का देणार?" मी म्हटलं.

तिने बॉक्स पुन्हा एकदा उलटा करून पाहिला. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, तिने बिनशिक्क्याची वस्तू घरी नेली.

मला राग येतो तो इथे. दाढीच्या मशीनची बॅटरी तपासतात, पोरांच्या खेळण्यातली तपासतात, आणि जी वस्तू बाई अंगाशी धरणार, ती चोरून विकायची, चोरून घ्यायची, चोरून चार्ज करायची. विकणाऱ्याला ठाऊक आहे की ही फुटली तरी तक्रार करायला कुणी येणार नाही. आमच्या लाजेवर त्यांचा धंदा चालतो. आणि लाज आम्ही फुकट पुरवतो.

एका शुक्रवारी हॅनाने सगळ्याबरोबर तेही चार्जिंगला लावलं, बेडरूमच्या छोट्या कपाटाच्या खणात, वायर फटीतून बाहेर. शनिवारी सकाळी तिच्या लक्षात आलं की काढायचं राहिलं. पण शब्बाथ. शिवाय तिने पास केलेला प्रत्येक चार्जर भरल्यावर आपला आपण थांबायचा, तशी ही वस्तूही थांबेल असं तिने धरलं. एकतीस वर्षांची सवय तिला आडवी आली. दुपारी चारच्या सुमारास खणातून शिट्टीसारखा आवाज आला आणि धूर. तिने खण ओढला, जळता तुकडा उजव्या हाताला चिकटला, पडद्याने पेट घेतला. त्याच कपाटावर शब्बाथचा दिवा होता, आदल्या रात्रीच विझलेला. मी धावत गेले तोवर तिने चादरीने आग विझवली होती. तळहाताची कातडी लोंबत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "कशाने भाजलं?"

"दिवा कलंडला," हॅना म्हणाली. मी शेजारी उभी होते. मी मान डोलावली.

सोसायटीलाही तिने तेच लिहून दिलं, डाव्या हाताने, वेडंवाकडं. सेक्रेटरी दीपेश घरत संधीच शोधत होता. इमारत त्याच्या आजोबांच्या शेतावर उभी आहे आणि आपण सगळे त्याच्या बांधावर राहतो असं त्याला अजून वाटतं. तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद: 'शुक्रवारी रात्रभर जळणारे तेलाचे दिवे इमारतीत लावण्यास मनाई.' शुक्रवारीच. त्याच्या स्वतःच्या देवघरातली समई रोज जळते, तिचा वार कागदावर नव्हता. अख्ख्या इमारतीत हा कागद फक्त दोन घरांसाठी होता.

आदिना आँटींनी कागद वाचला आणि हॅनाला खाली बोलावलं. मीही होते.

"शनिवारी दुपारी चारला कुठला गो दिवा जळतो?" त्यांनी विचारलं.

हॅना हातावरची पट्टी चाचपत राहिली.

"सांगायला लाज वाटत असेल तर नको सांगू," आँटी म्हणाल्या आणि आपल्या दिव्याची काच वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवून आल्या. बासष्ट वर्षं न चुकता लावलेला दिवा. त्यानंतरचे दोन शुक्रवार त्या खिडकीशी अंधारात बसून होत्या. ट्यूब लावायलाही त्यांनी नकार दिला.

दुसऱ्या शुक्रवारनंतर हॅना माझ्याकडे आली. डोळे लाल. "माझं खापर मी दिव्यावर फोडलं," ती म्हणाली. "तो बिचारा विझलेला होता. मी खोटा रिपोर्ट दिलाय, किशोरी."

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. हॅना उभी राहिली, पट्टी बांधलेल्या हाताने एक स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत काळा पडलेला तुकडा. ही कसली वस्तू आहे ते तिने सरळ सांगितलं, तोच शब्द वापरून. बॅटरीने आग लागली, दिव्याने नाही, कागद मागे घ्या. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. एक काकू उठून बाहेर गेल्या. माझे कान तापले होते.

दीपेश खुर्चीत मागे रेलला. "तुमी लिवून दिलंय ना, दिवा कलंडला? सही हाय तुमची. आता दिव्याला वाचवायला कायपन सांगाल. आमी काय येडे हाव?"

"तपासून दाखवते."

"जळलेल्या कोळशात काय तपासनार?"

आणि ते त्याचं खरं होतं. हॅनाने स्वतःच मला कितीदा सांगितलं होतं की जळलेला नमुना काही बोलत नाही. वापरणाऱ्याची चूक म्हणून कंपनी हात झटकते. त्याच खेपेतला दुसरा, न जळलेला नमुना लागतो. तो असला तर सगळं सिद्ध होतं.

तो माझ्या घरी होता. पाचव्या मजल्यावर, साड्यांच्या खाली.

हॅनाला ते ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मुद्दाम. मीही बसून राहिले. विनायकला कळेल, त्याच्या आईला कळेल, बँकेत माझ्या काउंटरला येणारी अर्धी माणसं याच सभागृहात होती. मी पदराशी चाळा करत बसले आणि मीटिंग पुढे पाण्याच्या टाकीवर गेली. मंडपवाल्याला, सेक्रेटरीला, कंपनीला नावं ठेवणारी मी. थू माझ्यावर.

शुक्रवारी सकाळी बँकेत निघाले तर नोटीस बोर्डावर दीपेशच्या कागदाच्या खाली दुसरा कागद. हॅनाचा, लॅबच्या रिपोर्टसारखा आखलेला. 'नमुना क्रमांक एक: जळालेला. शिक्का: नाही. वापरणारी: हॅना आपटेकर, फ्लॅट ४०३. आधी दिलेले निवेदन खोटे होते, ते मागे घेत आहे.' आणि शेवटच्या ओळीत: 'नमुना क्रमांक दोन: उपलब्ध नाही.'

मी ती ओळ तीनदा वाचली. एकतीस वर्षांत एकही खोटा आकडा न लिहिलेल्या बाईने रिपोर्टमध्ये खोटं लिहिलं होतं. माझ्यासाठी. पहिल्या खोट्याची कबुली दिली त्याच कागदावर.

मी वर गेले. साड्या खाली फेकल्या. ती वस्तू हातात घेतली, पिशवीत न घालता, आणि पाच मजले जिन्याने उतरले, कारण लिफ्टमध्ये कुणी भेटलं नसतं. पर्समधलं पेन काढून 'उपलब्ध नाही' खोडलं आणि वर लिहिलं: 'उपलब्ध आहे. वापरणारी: किशोरी म्हात्रे, फ्लॅट ५०२.' मग दीपेशची बेल वाजवली आणि त्याला म्हटलं, पार्किंगमध्ये ये, आणि रेतीची बादली घेऊन ये. हॅनालाही तिथेच बोलावलं.

वस्तूचं झाकण उघडून हॅना डाव्या हाताने व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावत होती. मी बादलीतल्या रेतीवर ती वस्तू ठेवली, पार्किंगमधल्या प्लगला जोडली. गॅलऱ्यांमधून माणसं बघत होती. बघा म्हटलं. हॅनाने दीपेशला सांगितलं की अशी बॅटरी चार पूर्णांक दोन व्होल्टला थांबायला हवी. दुपारी एकला काटा तिथे पोचला आणि थांबला नाही. चार पूर्णांक तीन. चार पूर्णांक चार. ती आकडे सांगत होती, मी लिहीत होते. वस्तू पोटातून फुगायला लागली. प्लास्टिकचा वास सुटला.

"बस झालं, काढा ते," दीपेश दोन पावलं मागे सरकत म्हणाला.

"थांबा जरा," हॅना म्हणाली. "दिव्याला दोषी ठरवताना तुम्ही एवढा वेळसुद्धा दिला नव्हता."

तापमान सदुसष्ट अंशांवर पोचलं तेव्हा तिने प्लग काढला आणि वस्तू रेतीत पुरली. दीपेशने आपला कागद बोर्डावरून काढून खिशात कोंबला. माफी मागितली नाही, आणि मी ते विसरणार नाही. आमचा कागद मात्र तिथेच राहिला. हॅनाने त्याची एक प्रत आकड्यांसकट ग्राहक मंचाला पाठवायला घेतली, खाली दोघींच्या सह्या.

संध्याकाळी आदिना आँटींकडे होते तेव्हा फोन वाजला. बोर्डावरच्या कागदाचा फोटो कुणीतरी जहाजापर्यंत पोचवला होता. विनायकचा आवाज चढलेला. "हे काय लिहिलंयस तू?"

"वाच की," मी म्हटलं. "मराठीतच आहे."

तो आणखी काही बोलत होता, पण मी फोन ठेवला, कारण आँटी काडी पेटवत होत्या.