टायर रुंदच पाहिजे

तीन मास्तर आणि तीन सायकली रोज एका ओसरीवर जमू लागल्या की किस्से किती साचतात, ते आमच्याकडं बघून कळलं असतं. निजामी अमल होता. आम्ही तिघं कळंबला राहायचो आणि रोज तीन वेगवेगळ्या खेड्यांतल्या शाळांवर सायकलनं जायचो. उर्दू शिकवणारे मौलवीसाहेब वयानं मोठे. गुंडप्पा मास्तर कर्नाटकाकडचे, मराठी बोलता बोलता कानडी हेल काढायचे. तिसरा मी. संध्याकाळी मौलवीसाहेबांच्या ओसरीवर चहा व्हायचा आणि दिवसभरात कुणाची हाडं किती खिळखिळी झाली, ते निघायचं.

*

माझी पहिली सायकल बार्शीहून आणलेली. बारीक टायरची, दिसायला नाजूक, वजनानं हलकी. दुकानदार म्हणाला होता, "मास्तर, वाऱ्यासारखी पळंल."

पळाली खरी, पण गावाबाहेरच्या सडकेपुरती. पुढं गाडीवाट सुरू झाली आणि प्रत्येक खडा मला वेगळा कळायला लागला. टायरमध्ये हवा गच्च, बसायची सीट दगडासारखी. शाळेत पोचलो तेव्हा खुर्चीवर टेकायची सोय राहिली नव्हती. उभ्यानंच शिकवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

आठवड्यानं गावचे पाटील शाळेत आले. चावडीवर जाऊन म्हणाले, "ह्यो मास्तर लई कष्टाळू हाय. आधीचा दिवसभर खुर्ची सोडत न्हवता, ह्यो खुर्चीकडं बघत सुदिक न्हाय."

*

बारीक चाकाची दुसरी खोड पाऊस उघडल्यावर कळली. काळ्या रानातल्या वाटेवर बैलगाडीच्या चाकोऱ्या वाळून टणक झाल्या होत्या. माझं चाक त्यातल्या एकीत असं फिट्ट बसलं की बाहेर काढता येईना. वळायला गेलो तर पडायची भीती. म्हटलं, चाकोरी जाईल तिकडं जाऊ, पुढं कुठंतरी सुटेल.

चाकोरी शाळेकडं गेली नाही. ती एका शेतकऱ्याच्या खळ्यात गेली आणि मी थेट कडब्याच्या गंजीला जाऊन टेकलो. म्हातारा मालक कणसं मोडत बसला होता. त्यानं वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, कुणाकडं आलाव?"

"कुणाकडं न्हाई. शाळेत निघालोय."

"मग बसा जरा. गाडी दुपारनं तिकडंच जाणार हाय."

*

शेवटी मौलवीसाहेब मला घेऊन बार्शीला गेले. त्यांची सायकल रुंद टायरची, जड, रंग उडालेली. पण ते शाळेत पोचायचे ते ताजेतवाने. माझ्या सायकलच्या चिमट्यात रुंद टायर मावेना, घासायला लागलं. म्हणजे सायकलच बदलायला हवी.

दुकानदार नाराज झाला. "साहेब, रुंद टायर जड जातं. बारीकच चांगलं. मी एवढी वर्षं सायकली विकतोय."

मौलवीसाहेबांनी रुंद टायर अंगठ्यानं दाबून बघितलं. मग अदबीनं विचारलं, "सेठजी, आप खुद रोज सैकल पे कहाँ जाते?"

"मी कुठं जातोय? दिवसभर इथं गादीवरच असतो."

"तब तो आपका भी सही है," मौलवीसाहेब म्हणाले आणि रुंद टायरची सायकल बाहेर काढली.

त्या सायकलनं मला शाळेत पोचायला थोडा जास्त वेळ लागला, पण बसायच्या जागेचं दुखणं थांबलं. हायसं वाटलं. वर्गात गेलो आणि ऐसपैस खुर्चीवर बसलो. तेवढ्यात पाटील दारात आले, मला बघून आत धावले.

"मास्तर, काय झालं? बरं वाटंना का?"

*

पुढं लढाईच्या दिवसांत टायरं मिळेनाशी झाली. गुंडप्पांचं मागचं टायर फाटलं. त्यांनी ट्यूब काढून टाकली, आत कडब्याचा चुरा आणि चिंध्या ठासल्या आणि वरून सुतळी आवळली. म्हणाले, "गादीवर बसल्यागत वाटतंय."

दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी सायकल लिंबाखाली लावून ते एका घरी पाणी प्यायला गेले. परत आले तर एक बैल चाकापाशी मन लावून चरत होता.

हेडमास्तरांनी उशिराचं कारण विचारलं. गुंडप्पा खरं तेच बोलले, "बैलानं चाक खाल्लं."

"दुसरं कारण सुचलं न्हाई?"

गुंडप्पा बाहेर गेले आणि टायर आणून टेबलावर ठेवलं. हेडमास्तरांनी दातांच्या खुणा बघितल्या आणि म्हणाले, "बसा. पाणी घ्या."

*

शेवटची गोष्ट रझाकारांच्या गडबडीच्या वर्षातली. माझी बायको सरू पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मौलवीसाहेबांची शाळा त्याच गावात. सरूला वडील नव्हते, घरात फक्त आई.

मी भेटायला गेलो त्याच सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारी सुईण बाहेर आली. "लेकरू अडलंय. कळंबच्या दवाखान्यात न्या. पण बैलगाडी नगं, तिचे हादरे हिला सोसायचे न्हाईत."

तशीही गाडी जुंपायला कुणी तयार नव्हतं. वाटेवर बंदूकवाले फिरत होते.

मौलवीसाहेब शाळा सोडून आले. त्यांनी माझ्या सायकलच्या कॅरियरवर वाकळ घडी करून बांधली, मागच्या टायरची निम्मी हवा सोडली आणि दाबून बघितलं. "अब चलेगी." त्यांनी हँडल धरलं, मी सरूला धरलं, आणि आम्ही पायी निघालो. टायर खड्यांवरून दबत दबत चाललं होतं. सरू डोळे मिटून म्हणाली, "एवढं लागत न्हाई."

ओढ्यापाशी चौघांनी अडवलं. माझ्याकडं बघून एकानं बंदूक आडवी धरली. "कौन है ये लोग?"

मौलवीसाहेबांनी हँडल सोडलं नाही. "मेरी बेटी है. तकलीफ में है. रास्ता दो."

तो त्यांच्या दाढीकडं, मग सरूच्या कुंकवाकडं बघत राहिला. मग बाजूला झाला. आम्ही ओढा ओलांडला.

दवाखान्यात नर्सनं सरूला आत नेलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर. ऊन उतरायला लागलं तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. मौलवीसाहेब काहीतरी पुटपुटत होते, ते थांबले.

नर्स दारात आली. "दोघीबी चांगल्या हायत. पोरीचा बाप कोण?"

आम्ही दोघंही उठून उभे राहिलो.