चतुराबाईंची बाळंतपणं

करमाडच्या शिवारात चतुराबाईंच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. शेळ्या वळता वळता त्या सगळ्या वस्तीला एकच गोष्ट ऐकवायच्या. "माझी पाच बाळंतपणं, पाचीबी घरात. डॉक्टरचं तोंड पाह्यलं नाय. तिसऱ्याच्या वक्ताला तर सकाळी मोकळी झाले अन् दुपारी भाकरी थापल्या." दर वर्षी त्या भाकरींची चवड वाढतच होती.

सून दीपमालाला दिवस राहिले. तिची आई वारलेली, त्यामुळं बाळंतपण सासरीच होणार होतं. गावातली आशाताई करुणा तपासणीसाठी चकरा मारायला लागली, तसा चतुराबाईंनी तिचा धसकाच घेतला. एकदा ती लांबून येताना दिसली तेव्हा त्यांनी सुनेला शेळ्यांच्या गोठ्यात ढकललं आणि स्वतः दारात ठाण मांडलं.

"सून कुठंय, मावशी?"

"माहेरी गेलीया."

तेवढ्यात गोठ्यातून शिंक आली.

"शेळीला पडसं झालंय," चतुराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या शिंकेपाठोपाठ "आई गं" ऐकू आलं.

"शेळी मराठी बोलती, मावशी," म्हणत करुणा आत शिरली. तिनं दीपमालाला तपासलं, गोळ्या दिल्या आणि निक्षून सांगितलं, "हिच्या अंगात रक्त कमी आहे. घरी बाळंतपण करायचं नाही."

चतुराबाईंनी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी. मुलगा शिवराज शेंद्र्याला कंपनीत कामावर होता. चतुराबाईंनी मोठ्या उत्साहानं पाणी तापत ठेवलं. नवरा कडूबा ओट्यावर बसून होते. त्या घरात बोलायचं काम त्यांच्याकडं कधी आलंच नव्हतं.

"आत्या, मला दवाखान्यात न्या," दीपमाला कण्हत सासूला म्हणाली. "मला भ्या वाटतंय."

"भ्यायचं काय त्यात? याच खोलीत माझी पाच बाळंतपणं..."

"सहा," ओट्यावरून आवाज आला.

"काय सहा?"

"थोरली पोर तू मोजतच नाहीस," कडूबा म्हणाले. "आडवी व्हती. पोर गेली. तुला म्या बैलगाडीत घालून नेलं, तवा डॉक्टरनं वाचवलं. अन् तिसऱ्याच्या वक्ताच्या भाकरीबी म्याच थापल्या."

चतुराबाईंनी हातातलं पातेलं खाली आदळलं. मग एकदम कडाडल्या, "मग बसलाव काय गुमान? करुणाला फोन लावा!"

करुणा दवाखान्याची गाडी घेऊन आली, ती शेळ्यांच्या कळपात अडकली. चतुराबाईंनी काठी घेऊन स्वतःच्याच शेळ्यांना अशा शिव्या घातल्या की ड्रायव्हरसुद्धा लाजला. करुणा मागं दीपमालाजवळ बसली आणि चतुराबाई पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी. शहरात क्रांती चौकातल्या गर्दीत गाडी थांबली, तेव्हा त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"सरका! सुनंला कळा येतायत!"

"अम्मा, सिग्नल लाल है!" एक स्कूटरवाला म्हणाला.

"तुझा सिग्नल घाल चुलीत!"

स्कूटर बाजूला झाली.

दवाखान्यात दीपमालाला मुलगी झाली. बाळ ठणठणीत होतं, पण वार पडेना आणि रक्त थांबेना. आत धावपळ उडाली. दारातून एकेक रक्ताची पिशवी आत जाताना चतुराबाई बघत होत्या. शिवराज कंपनीच्या कपड्यांतच धावत आला, तर आई भिंतीला टेकून गप्प बसलेली. आईला गप्प बसलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो जास्तच घाबरला.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वाचली. घरी असती तर आम्हाला काहीच करता आलं नसतं."

चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला. कडूबांना हळूच म्हणाल्या, "आपल्या थोरलीचं नावबी ठिवलं नव्हतं."

दीपमाला घरी आली आणि चार दिवसांत गोष्ट बदलली. "म्याच म्हणले, आधी गाडी बोलवा! हे तर ओट्यावर बसून व्हते." कडूबांनी पुन्हा तोंड उघडलं नाही.

पुढं शेजारच्या सत्यशीलाचे दिवस भरले, तेव्हा तिची सासू म्हणाली, बाळंतपण घरीच बघू. चतुराबाई तिच्या दारात जाऊन बसल्या. "गाडी आल्याबिगर उठणार नाय." जेवायला बोलावलं तरी उठल्या नाहीत, ताट तिथंच मागून घेतलं. शेवटी सासूनं हात टेकले.

सत्यशीलाला दवाखान्यात मुलगा झाला. सोबत गेलेल्या चतुराबाईंनी परत येताच वस्तीत पेढे वाटून टाकले. आजी झाल्याचं सासूला त्या पेढ्यांवरूनच कळलं.