हजेरीचं घड्याळ

मुकादमानं मोबाइल सगळ्यांना दिसेल असा वर धरला. महापालिकेच्या आरोग्य कोठीत, सकाळच्या हजेरीला. आम्ही झाडणकामवाले वीस-बावीस जण, त्यात बायका सात. स्क्रीनवर वारज्याचा नकाशा, नकाशावर एक ठिपका. तो ठिपका म्हणजे मी.

"काल अठ्ठावीस मिनिटं एका जागी. काय ओ मॅडम, विश्रांतीला गेला होता का आपण?"

पुरुष हसले.

ठेकेदारानं आम्हाला मनगटी घड्याळं दिली होती. आम्ही कुठं फिरलो, कुठं थांबलो, सगळं ऑफिसात दिसायचं. काढलं की खाडा, असं बजावलेलं. कामाच्या वेळेत, एवढाच त्याचा अर्थ. मी मात्र दोन महिने काढलंच नाही. घालूनच झोपायचे, चार्जिंगलाही हातावरच लावायचे. अंघोळीला त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायचे. ते ऐकत असेल म्हणून घरात नवऱ्याशी भांडतानाही हळू बोलायचे. आता सांगायची लाज वाटते.

"बोला की. कुठं होता?"

सांगितलं. माझ्या रस्त्यावर बायकांसाठी मुतारी नाही. पाळी आली, साडी खराब झाली. एका सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या ओळखीच्या बाईनं नोकरांचा संडास उघडून दिला. तिथं साडी धुतली, ओलीच नेसले, परत झाडायला लागले. बोलत मीच होते, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

"एवढं सविस्तर नको होतं," तो म्हणाला. "अर्धा खाडा सिस्टिमच लावते. माझ्या हातात काही नाही."

दुपारी तो नकाशा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. खाली ओळ, 'सर्वांनी बोध घ्यावा.' त्याखाली अंगठे. एक अंगठा माझ्याच जोडीदारणीचा.

रडू आलं नाही. रागही नाही. घरी येऊन घड्याळ काढलं. खालची कातडी भिजून पांढरी पडली होती. बोटानं दाबली, काही कळलं नाही. मग मात्र मी घाबरले. माझंच अंग, आणि मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घड्याळ हजेरीच्या वहीवर ठेवलं.

"हे मी घालणार नाही. रस्ता झाडीन. येऊन बघा, कचरा दिसला तर बोला."

"काढून टाकतील, बाई."

"टाकू देत. पण कागदावर लिहून द्या. कारण लिहा, बाई साडी कुठं धुते ते बघू देत नाही. खाली सही करा."

त्यानं पेन उचललं नाही. मी झाडू उचलला.

अजून कागद आलेला नाही. आला तर घरी ठेवणार नाही. त्याच ग्रुपवर टाकीन, त्याच्या सहीसकट.