ब्रूनोचे मालक बिरप्पा

बिरप्पा एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीभर मंगळवेढा, वैराग, अक्कलकोट अशा गाड्या हाकल्या आणि निवृत्त झाल्यावर जुळे सोलापुरात, आमच्या समोरच्या प्लॉटवर, घर बांधून राहिले. घर बांधलं खरं, पण घरात बसणं काही त्यांना जमेना. सकाळी फाटकाशी उभे, दुपारी फाटकाशी उभे, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर. गल्लीत त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. चाळीस माणसं मागं बसवून गाडी नेणाऱ्या माणसाला कुणी साधं 'काय बिरप्पा' असं विचारू नये, हे त्यांना लागत असावं.

मग त्यांचा मुलगा राजशेखर पुण्याहून रॉटवायलरचं पिल्लू घेऊन आला. हौसेनं घेतलं होतं, पण सोसायटीवाले ठेवू देईनात.

"अप्पा, इथं जागा आहे. घराची राखणही होईल," तो म्हणाला.

"राखायला हाय काय आपल्याकडं?" बिरप्पांच्या बायको सोजरबाई म्हणाल्या. पण तोवर ते काळं, भुवयांवर तांबूस ठिपके असलेलं पिल्लू त्यांच्या पायावर डोकं टेकून झोपलं होतं. राजशेखरनं त्याचं नाव ब्रूनो ठेवलं होतं. सोजरबाईंनी ते एकदा उच्चारून पाहिलं आणि बाळ्या म्हणायला सुरुवात केली.

त्याला कसं वाढवायचं याबद्दल राजशेखर काही सांगायला लागला, तेव्हा बिरप्पांनी त्याला थांबवलं. "मेंढरामागं माझं बालपण गेलं. कुत्र्याचं मला नगं शिकवूस."

ते खोटं नव्हतं. त्यांच्या वडिलांची मेंढरं मंगळवेढ्याच्या बाजूला माळावर असत आणि कळपाबरोबर कुत्री असत. फक्त ती कुत्री दिवसभर कळपाबरोबर मैलोन्‌मैल चालायची. ब्रूनोला मिळाली फाटकाजवळच्या खांबाला अडकवलेली आखूड साखळी. तो मोठा झाला तसा रस्त्यानं कुणी गेलं की साखळीच्या टोकापर्यंत झेप घ्यायचा, मागच्या पायांवर उभा राहायचा, गळ्याला हिसका बसला की आणखी चवताळायचा.

"त्याला जरा फिरवून आणा की," सोजरबाई म्हणायच्या.

"फिरवलं की नरम पडतंय."

बिरप्पांना तो नरम पडलेला नको होता. कारण आता गल्ली त्यांना ओळखायला लागली होती. पार्सलवाला लांबूनच 'काका, कुत्रा बांधलाय ना?' असं विचारायचा. चहाच्या गाड्यावर धोकादायक जातींवर बंदी येणार अशी बातमी कुणी वाचून दाखवली, तर बिरप्पा कप खाली ठेवून सांगायचे, "आमचं बी त्याच जातीचं हाय." 'कुत्र्यापासून सावध' या पाटीखाली त्यांनी पेंटरकडून लाल अक्षरांत 'रॉटवायलर' लिहून घेतलं होतं. मी स्वतः त्यांच्या घरावरून जाताना रस्त्याची पलीकडची कड धरायचो. तेही त्यांना आवडत असणार.

घरात मात्र हाच कुत्रा सोजरबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला मी पाहिला होता. त्या शेंगा फोडत बसायच्या आणि तो टरफलं हुंगायचा.

आमच्या गल्लीत गोजाबाई कडक भाकरी विकायला यायच्या. पापडासारखी पातळ थापून कडक वाळवलेली ज्वारीची भाकरी, सोबत शेंगाचटणीची पुडी. बिरप्पांच्या घरापुढं आल्या की त्या रस्त्यावरूनच हाक मारायच्या आणि सोजरबाई बाहेर यायच्या. त्या दिवशी सकाळी बिरप्पांनी खांबाजवळची जागा धुण्यासाठी ब्रूनोला सोडलं होतं. मधेच दूध आणायचं आठवलं म्हणून ते घाईनं बाहेर गेले. जाताना फाटक नुसतं लोटलं. गोजाबाईंनी हाक मारली, सोजरबाई मागच्या मोरीत होत्या, त्यांना ऐकू आलं नाही. खांबाशी कुत्रा दिसेना, म्हणजे आत बांधला असेल असं समजून गोजाबाईंनी भाकरीची चवड आतल्या कट्ट्यावर ठेवायला हात पुढं केला. नुसतं लोटलेलं फाटक हात लागताच उघडलं.

ओरडणं ऐकून मी धावलो. तोवर सोजरबाईंनी ब्रूनोच्या गळपट्ट्याला धरलं होतं आणि 'बाळ्या, सोड, सोड' असं रडत म्हणत होत्या. त्यांच्या आवाजानंच त्यानं हात सोडला. गोजाबाईंचा उजवा हात कोपरापासून पंजापर्यंत फाटला होता. आम्ही नळाखाली साबणानं धुतला, बराच वेळ धुतला. बिरप्पा दुधाची पिशवी घेऊन परत आले आणि फाटकातच थिजले. भाकरीचे तुकडे त्यांच्या पायाखाली कुरकुरत होते.

रिक्षानं आम्ही सिव्हिलला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "पाळीव आहे ना? त्याला रेबीजची लस दिलीय?"

"दिली हाय," बिरप्पा म्हणाले. डॉक्टर लिहायला लागले. बिरप्पांनी घसा खाकरला. "पहिल्या वर्षी दिली होती साहेब. औंदाची राहिली."

गोजाबाईंनी डोळे उघडून त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले. जखमेत औषध टोचताना त्यांनी माझी बाही घट्ट धरली होती.

संध्याकाळी गल्ली बिरप्पांच्या दारात जमली. लोक चिडलेले होते, पण बिरप्पांवर नाही, हे विशेष. "ही जातच तसली, बिरप्पा, तुम्ही तरी काय करणार?" असंच जो तो म्हणत होता. राजशेखरनंही फोनवर तेच सांगितलं. "अप्पा, ब्रीडचा स्वभाव असतो. देऊन टाका कुणाला तरी." बिरप्पा मान हलवत राहिले. ज्या जातीची ते फुशारकी मारायचे, तिच्याच मागं लपायची सोय सगळ्यांनी मिळून करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी बिरप्पा आणि सोजरबाई गोजाबाईंच्या घरी गेले. विजापूर रोडच्या आतल्या बाजूला दोन खोल्यांचं घर. चूल विझलेली, परातीवर फडकं झाकलेलं. गोजाबाई हात उशीवर ठेवून पडून होत्या.

"अक्का, काय सांगू," बिरप्पा म्हणाले. "जातच तसली हाय त्या कुत्र्याची."

गोजाबाईंनी उशीवरचा हात जरा सरकवला. मग म्हणाल्या, "आन ते तुमाला ठावं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मग कडी का न्हाय लावली, अण्णा?"

बिरप्पांनी मला हे पुढं कितीतरी वेळा सांगितलं. दर वेळी या वाक्यापाशी आले की ते थांबायचे आणि जमिनीकडं बघायचे. 

त्या दिवशी तो अवघडलेपणा सोजरबाईंनीच मोडला. त्यांनी पदर खोचला आणि विचारलं, "पीठ कुटं हाय?" गिऱ्हाईक एकदा दुसरीकडं गेलं की परत येत नाही, ही भीती गोजाबाईंनी बोलून दाखवण्याआधीच त्यांनी ओळखली होती. गोजाबाई नको म्हणाल्या. सोजरबाईंनी चूल पेटवली. त्यांच्या भाकरी पहिल्यांदा जाड झाल्या, मग गोजाबाई पडल्या पडल्या सांगू लागल्या, "पाणी कमी. कडंला दाबा, मधी न्हाय."

आणि त्या भाकरी घरोघर पोचवायचं काम बिरप्पांनी अंगावर घेतलं.

स्कूटरच्या पुढं टोपलं ठेवून ते दारोदार फिरू लागले. प्रत्येक दारात तोच प्रश्न. 'गोजाबाई कुठं आहेत?' पहिल्या दिवशी ते 'बऱ्या न्हाईत' एवढंच म्हणाले. पण बातमी त्यांच्या आधी पोचलेली असायची. मग ते सरळ सांगू लागले, "माझं कुत्रं चावलं त्यांना. फाटकाची कडी मी लावली नव्हती." एका बाईंनी त्यांच्या हातून भाकरी घेतलीच नाही, दार लावून घेतलं. माझ्या दारात आले तेव्हाही त्यांनी तेच वाक्य म्हटलं, जणू मला ठाऊकच नव्हतं. उभं राहताना ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते, आणि नजर सारखी मागं, स्वतःच्या घराकडं जात होती.

कारण घरी दुसरी धास्ती होती. कुत्र्यावर काही दिवस लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बिरप्पा भाकरी पोचवून आले की आधी ब्रूनोच्या भांड्यातलं पाणी बघायचे. एका दुपारी भांडं भरलेलंच राहिलं; पिसाळलेलं कुत्रं पाण्याला तोंड लावत नाही, हे त्यांनी ऐकलेलं होतं. त्यांना जेवण गेलं नाही. लगेच जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर ऋतुजा नावाची तरुण बाई होती. तिनं लांबून निरखलं, मग तोंडाला पट्टी बांधून तपासलं. ऊन होतं, भांड्यातलं पाणी तापलं होतं, एवढंच. रेबीजची लक्षणं नव्हती. पण गळ्याचे केस उडून कातडी जाड झालेली तिनं बोटानं चाचपली.

"काका, किती वेळ बांधता?"

"दिवसभर."

"फिरवता?"

बिरप्पांनी भांड्यातलं तापलेलं पाणी ओतून दिलं.

"याच्या जबड्यात ताकद आहे, ती जातीची. म्हणून हा चावला की जखम मोठी होते. पण माणूस दिसला की धावून जायचं, हे तो या साखळीवर शिकलाय."

"आता सुधारंल का?"

"बराच शांत होईल. पुन्हा कधीच चावणार नाही, असं मात्र मी लिहून देणार नाही."

त्याच आठवड्यात अक्कलकोट रोडच्या एका बागाईतदाराचा निरोप आला. गुरुसिद्धप्पा त्यांचं नाव. कुत्रा चावल्याचं त्यांनी ऐकलं होतं आणि म्हणून तर त्यांना तो हवा होता. बिरप्पांनी टेम्पो केला. गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला. सोजरबाईंनी ब्रूनोच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत निघून गेल्या.

दिवस मावळायच्या आत टेम्पो परत आला. ब्रूनो त्यातच होता.

मी विचारलं तेव्हा बिरप्पा म्हणाले, "डाळिंबाच्या बागेच्या कडंला दोन कुत्री बांधली हुती. सावली न्हाय. आमाला बघून साखळी तोडाय लागली. आन त्यो माणूस हसून सांगतोय, हितं परकं माणूस पाय टाकत न्हाय." त्यांनी ब्रूनोला खाली उतरवलं. "मी बी असंच बोलायचो की चहाच्या गाड्यावर. तितं दिलं असतं तर दुसरी गोजाक्का तितं गावली असती. माझ्या नजरंआड, एवढंच."

गल्लीला हे पटलं नाही. मीही पुन्हा रस्त्याची पलीकडची कड धरली. लोक पुन्हा जमले, या वेळी आवाज चढलेले होते. बिरप्पांनी सांगितलं की फाटकाच्या आत दुसरं फाटक बसवतो, कुंपण उंच करतो, लस आणि नसबंदी करून घेतो, तोंडाला जाळी आणि हातात दोर असल्याशिवाय बाहेर काढत नाही.

"आणि तरी चावला तर?" कुणीतरी विचारलं.

"मग मी सोता डॉक्टरकडं नेऊन त्याला झोपवीन."

"आणि ज्याला चावेल त्याचं काय?"

बिरप्पांनी फाटकाची कडी लावली आणि ओढून पाहिली. लोक पांगले.

त्यांनी म्हटल्याप्रमाणे सगळं केलं. 'रॉटवायलर' ही अक्षरं रंगानं बुजवली, 'सावध' तेवढं ठेवलं. पहाटे आणि संध्याकाळी ते ब्रूनोला घेऊन माळाकडं चालत जातात. दोर मुठीला गुंडाळलेला, डोळे सतत पुढं. मोटरसायकल आली की कडेला थांबून कुत्र्याला स्वतःच्या मागं घेतात. ब्रूनो खरंच निवळला आहे. झेप घेणं कमी झालं, गळ्यावर केस परत आले. बिरप्पा मात्र वाळले. पूर्वी ते करमत नाही म्हणून फाटकाशी उभे राहायचे, आता तिथून हलवत नाही म्हणून.

गोजाबाईंचा हात बरा झाला, तरी शेवटची दोन बोटं नीट मिटत नाहीत. भाकरी थापायला आता सून बसते, त्या भाजतात. गल्लीत पुन्हा येऊ लागल्या आहेत, पण माझ्या फाटकापाशी थांबून हाक मारतात. सोजरबाई रस्ता ओलांडून येतात, दोघी बोलतात, हसतातही. बिरप्पा आले की गोजाबाई टोपलं उचलतात. त्यांना त्या आता अण्णा म्हणत नाहीत. बिरप्पांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

गेल्या महिन्यात वैरागला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. पूर्वी दोघं मिळून जायचे, आता एकाला घरी थांबावं लागतं. ब्रूनोला सांभाळायला कुणी तयार नाही, आणि कुणी झालं तरी बिरप्पांना चालणार नाही. सोजरबाई घरी राहिल्या, बिरप्पा एकटे गेले. दुपारीच परतलेले पाहून मला नवल वाटलं.

"जेवलात का?" मी विचारलं.

"अक्षता टाकल्या आन निगालो. बहीण लई रुसली." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "घास उतरंना की. पंगतीत समोर समदी पोरंसोरं पळत हुती. ती बघितली, आन घरी कुणी आलं असंल का, असंच डोक्यात."

समोर त्यांच्या घरातून ब्रूनो एकदा भुंकला. बिरप्पा माझ्याशी बोलता बोलता वळले आणि रस्ता ओलांडून झपाझप आत गेले.