बापूचा थेंब

बापू गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी त्याचंच रक्त काचेवर घेऊन बसलो होतो. निरोप्या बोलत होता आणि माझ्या डोळ्यांदेखत थेंबात दाणे धरत होते... माणूस पहाटेच गेला होता. त्याला आता महिना झाला.

इस्लामपूरजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात विषमज्वर ओळखण्याचं द्रावण बनतं. रुग्णाच्या रक्तातलं पाणी त्यात मिसळून नासलेल्या दुधासारखे दाणे आले, की ताप तोच. नवं द्रावण बाहेर पाठवण्याआधी, हा ताप येऊन गेलेल्या माणसाच्या रक्तावर पारखावं लागतं. तो माणूस म्हणजे बापू. फौजेतून परतलेला, आमच्याकडे खोकी भरणारा. बाही वर करून म्हणायचा, "काढा सायेब! म्हशीपरास मीच जास्त देतुया."

इतरांच्या रक्तातली ही दाणे धरण्याची खूण हळूहळू पुसट होते. बापूची खूण मात्र वर्षं उलटली तरी तशीच. असा धडधाकट माणूस रोग पोटात घेऊन फिरत, हाताने दुसऱ्यांना देत असू शकतो, हे मला ठाऊक होतं. त्याच्या शौचाची तपासणी करायला हवी होती. मी टाळली. उपचार होऊन तो बरा झाला, तर असं रक्त पुन्हा कुठून आणायचं?

मग त्याची बायको त्याच तापाने गेली. तिचं रक्त मीच तपासलं होतं.

"सायेब, ह्यो ताप आला कुठनं?" बापूने विचारलं. घरात ताक घुसळणारा, वाढणारा तोच. मी त्याच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणालो, "विहिरीचं पाणी असेल."

विहिरीलगत बापूच्या धाकट्या भावाचा, शंकरचा संडास होता. शंकरने खड्डा बुजवला, पाय धरले. "माजी बायकू खाल्लीस तू," म्हणून बापूने दार लावलं, ते मरेपर्यंत उघडलं नाही. मी मात्र दर महिन्याला त्याचं रक्त घेत राहिलो, आणि गप्प राहिलो.

दिवसकार्य उरकल्यावर शंकरला सगळं सांगितलं. खात्री करून घेता आली असती, ती मी केली नाही, हेही सांगितलं. वाटलं, अंगावर धावून येईल.

"दावा मला," एवढंच म्हणाला.

बाटलीच्या तळाशी बापूचं थोडं रक्त उरलं होतं. थेंब टाकला, काच हलवली. मिनिटभरात दाणे जमले. शंकर इतका वाकला, की त्याच्या श्वासाने काच धुरकटली.

"दादा," तो हळू म्हणाला, "त्यो मी न्हवतो रं."

आणि उत्तर यायचं असावं, तसा कान देऊन तिथेच वाकून राहिला.