एकोणीस ट्रंका

९ जानेवारी २०२४, मंगळवार. जेवण झाल्यावर ऋग्वेदा धुरंधरने ट्रंकेवर पाचशे रुपयांची नोट ठेवली. खोलीचा कारभार पाहणाऱ्या दौलतकाकांनी ती उचलून तिच्या हातात परत दिली.

"जेवणाचे साठ. सुटे नसतील तर मागाहून दे. वहीत लिहून ठेवतो."

"राहू देत काका, खोलीसाठी."

"खोलीला काय झालंय?"

चिंचपोकळीची ही खोली कोकणातल्या एका गावाच्या मंडळाने गिरण्या चालू होत्या तेव्हा भाड्याने घेतली. गावचा माणूस मुंबईत आला की ट्रंक इथे ठेवायची, महिन्याची वर्गणी भरायची आणि पाळी येईल तेव्हा स्वयंपाक करायचा. ऋग्वेदा गिरगावची, पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजच्या अंकाचं पहिलं पान या खोलीवरच्या तिच्या बातमीसाठी राखून ठेवलं होतं.

तिने लिहिलं, 'दहा बाय पंधराच्या खोलीत एकोणीस माणसं. सकाळी अकराला धडधाकट पुरुष झोपलेले. गिरणी गेली, आळस उरला.' सोबत झोपलेल्या एका माणसाचा फोटो.

अंकाचं काम पाहणाऱ्या ललिता मॅडमनी कागद खाली ठेवला. "एकोणीस कुणी सांगितलं?"

"ट्रंका मोजल्या."

"आणि हा कोण?"

"झोपला होता. नाव नाही विचारलं."

"गिरगावात कुणाच्या घरी झोपलेल्या माणसाचा असा फोटो काढला असतास?" मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी चारला अंक छपाईला जातो."

गुरुवारी ती पुन्हा जिना चढली. दौलतकाका डाळ निवडत बसले होते.

"एकोणीस कुठले? राहतो सहाजण. बाकीच्यांनी नालासोपाऱ्याला, दिव्याला घरं घेतली. दोघे तर वारले. पण ज्याची ट्रंक त्याने, नाहीतर त्याच्या मुलाने येऊन उचलायची. आपण हात लावत नाही."

फोटोतला माणूस राजेश. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं रात्रपाळी. त्याने तिच्या मोबाइलवर स्वतःला नीट पाहून घेतलं.

"बनियनवर काढलास होय? गावाला बायको बघेल, म्हणेल, मुंबईत जाऊन झोपाच काढता. छापणार काय?"

"नाही."

"मग ठीक. पाय बरे आलेत."

दौलतकाका हसले. "बाय, त्या दिवशी तू बॅग मांडीवर घट्ट धरून जेवलीस. मला सारखं वाटत होतं, आमटी सांडणार."

बॅग आजही मांडीवरच होती. तिच्या घरात गिरणगावाबद्दल ज्या सुरात बोललं जाई तो आपल्याला चिकटलेला नाही, अशी ऋग्वेदाची समजूत होती. तिने बॅग उचलून जवळच्या ट्रंकेवर ठेवली. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात रामदास असं नाव होतं. ही वारलेल्यांपैकी एकाची, हे काकांनी सांगितल्यावर तिने बॅग तिथूनही उचलली आणि जमिनीवर ठेवली.

मग ती राजेशसमोर बसली आणि त्याची पाळी, त्याचा पगार, गावी कधी जातो, हे सगळं विचारून लिहून घेतलं. दुपारी तिथेच जेवली.

जुना मजकूर तिने मागे घेतला. नवा शुक्रवारी चारपर्यंत पुरा झाला नाही आणि पहिल्या पानावर दुसऱ्याची बातमी गेली. तिची पुढच्या अंकात पाचव्या पानावर आली, राजेशच्या नावानिशी, फोटोशिवाय.

दोन जेवणांचे एकशेवीस झाले होते. गुरुवारी तिच्यापाशी शंभराची एकच नोट होती आणि खोलीचा व्यवहार रोखीचा. दौलतकाकांच्या वहीत ऋग्वेदा धुरंधर या नावापुढे वीस रुपये येणे आहेत.